मॅट्रिक, इंटर आणि बारावी

कोणत्याहि देशाची शिक्षणपद्धति समजून घ्यावयाची झाली तर त्याच्या प्राथमिक शाळा आणि त्याचीं विश्वविद्यालयें एवढीं पाहून भागत नाहीं. प्राथमिक शाळेंत बहुतेक सर्वच मुलें येतात आणि विश्वविद्यालयांत त्यांतलीं थोडीं पोंचतात. या दोहोंच्या मध्यें जो टप्पा आहे तेथें समाज आपल्या मुलांची निवड करीत असतो. या टप्प्याला आपण एके काळीं मॅट्रिक म्हणत होतों, पुढें इंटर, हायर सेकंडरी अशीं नांवें आलीं, आणि आज आपण त्याला बारावी म्हणतों. कोणीं पुढें शिकावें, कोणीं नोकरी धरावी आणि कोणीं शेताकडे परतावें, याचा निकाल पुष्कळ अंशीं तेथें लागतो. म्हणून या टप्प्याची रचना कोणीं केली, त्याचें माप कोठून आलें आणि तें कोणाच्या सोयीचें होतें, हा प्रश्न केवळ शिक्षणखात्याच्या दप्तरापुरता नाहीं. ज्या घरांत यंदा कोणी दहावीस किंवा बारावीस बसलें आहे त्या घराला हें निराळें सांगावयास नको.

हा इतिहास सामान्यतः मुंबई-पुण्याच्या बाजूनें सांगितला जातो, आणि त्या बाजूनें तो बराच सरळ दिसतो. १८५७ सालीं मुंबईस विश्वविद्यालय स्थापन झालें. १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक झाली. १९४८ सालीं शालान्त परीक्षेसाठीं स्वतंत्र मंडळ झालें. आणि १९७५ सालीं अकरावीच्या जागीं दहावीची परीक्षा आली. परंतु हाच इतिहास चिमूरच्या बाजूनें पाहिला तर त्याचें रूप पालटतें. चिमूर हें चंद्रपूर जिल्ह्यांतलें, ताडोबाच्या अरण्याजवळचें तालुक्याचें गांव. बालाजीच्या घोडायात्रेमुळें तें पंचक्रोशीला आणि १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळें साऱ्या देशाला ठाऊक झालें. शिक्षणाच्या इतिहासांत या गांवाला स्वतंत्र प्रकरण नाहीं हें खरें. पण ज्या जिल्ह्यांत तें आहे त्या जिल्ह्यांतील मुलांचें माप ठरविण्याचा अधिकार आधीं कलकत्त्यास, मग अलाहाबादेस, मग नागपुरास आणि शेवटीं पुण्यास असा फिरत गेला. राजधानीच्या जवळ राहणाऱ्याला हें फिरणें जाणवत नाहीं. दूर राहणाऱ्याला तें चांगलेंच जाणवतें.

प्रथम या मापाचा उगम पाहूं. १८५४ हें साल दोन कारणांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या सालीं नागपूरच्या भोसल्यांचें राज्य खालसा होऊन चांद्याचा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखालीं आला. आणि त्याच सालीं सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून हिंदुस्थानांत आला. त्या खलित्यांत विश्वविद्यालयें स्थापण्याची जी योजना होती तिला लंडन विश्वविद्यालयाचा नमुना घेतला होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजप्रमाणें तें विश्वविद्यालय त्या वेळीं कोणास शिकवीत नसे; तें परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विश्वविद्यालयें निघालीं तीं याच जातीचीं होतीं. शिकविणें हें शाळा-कॉलेजांचें काम आणि पारखणें हें विश्वविद्यालयाचें काम, अशी वांटणी झाली. शिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा, ही जी आपल्या परीक्षापद्धतीची खूण आजहि टिकून आहे तिचें मूळ येथें आहे.

युरोपांतील इतर राष्ट्रांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला होता. प्रशियांत १७८८ सालीं ‘आबिटूर’ नांवाची परीक्षा सुरू झाली. ती शाळा सोडतांना, शाळेंतच, बहुतांशीं शाळेच्याच शिक्षकांनीं घ्यावयाची परीक्षा होती. सरकारचा अधिकारी देखरेखीस असे. फ्रान्समध्यें नेपोलियनने १८०८ सालीं ‘बाकालोरेआ’ ही परीक्षा घालून दिली, आणि शालेय शिक्षणाचा शेवट म्हणजेच विश्वविद्यालयाची पहिली पदवी असें तिचें दुहेरी रूप ठरविलें. आमच्याकडे जी मॅट्रिक आली ती मात्र शाळेचा शेवट म्हणून आली नाहीं. मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा अर्थच मुळीं नांवनोंदणी असा आहे. विश्वविद्यालयाच्या पटावर कोणाचें नांव घालावें हें ठरविण्यासाठीं ती परीक्षा होती. कलकत्त्यास तर तिला ‘एन्ट्रन्स’ असेंच म्हणत. घरांत कोणास घ्यावें हें घराचा मालक ठरवितो, त्याप्रमाणें विश्वविद्यालयानें आपल्या दाराशीं ही परीक्षा बसविली. बाहेर राहिलेल्यांचें पुढें काय व्हावें याचा विचार तिनें केला नाहीं, आणि तसा विचार करणें हें तिचें कामहि नव्हतें.

मुंबईच्या पहिल्या मॅट्रिकला शंभराहून अधिक उमेदवार बसले आणि जेमतेम विसांच्या आसपास उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा मार्ग याच परीक्षेवरून गेला. १८६२ सालीं जे पहिले चार बी. ए. झाले त्यांत हे दोघे होते. ज्यांना विश्वविद्यालयांतच जावयाचें होतें त्यांच्यापुरती ही चाळणी योग्य होती. पण थोड्याच वर्षांत सरकारी कचेऱ्यांनीं, रेल्वेनें आणि वकिलांच्या दप्तरांनीं तीच परीक्षा नोकरीसाठीं प्रमाण धरली. विश्वविद्यालयांत न जाणाऱ्या मुलालाहि आतां विश्वविद्यालयाच्या दाराशीं जाऊन छाप घेऊन येणें भाग पडलें. १८८२ च्या हंटर कमिशनला ही अडचण दिसली होती. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्या, एक विश्वविद्यालयाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी, अशी सूचना त्या कमिशननें केली. सूचना चांगली होती. पण दुसऱ्या शाखेचा दाखला कोणी मानीना, म्हणून मुलें तिच्याकडे वळेनात. आईबापांचा त्यांत दोष नव्हता. बाजारांत जें नाणें चालतें तेंच माणूस गांठीस बांधतो.

आतां चांद्याकडे वळूं. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढच्याच वर्षीं त्याचें शिक्षणखातें उघडलें. प्रांताला स्वतःचें विश्वविद्यालय नव्हतें, म्हणून त्याच्या हायस्कुलांतील मुलें कलकत्त्याच्या एन्ट्रन्सला बसूं लागलीं. १८८७ सालीं अलाहाबाद येथें विश्वविद्यालय झालें आणि पुढें मध्यप्रांताचीं महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत गेलीं. वऱ्हाडची गोष्ट निराळी होती. अमरावती-अकोल्याच्या शाळा त्या शतकांत मुंबईच्या मॅट्रिककडे पाहत. याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. वर्धा नदीच्या एका तीरावर चांदा जिल्हा आणि दुसऱ्या तीरावर वऱ्हाड. दोहोंकडे घरांत बोलली जाणारी मराठी एकच, पीक एकच, सोयरीक एकमेकांत. पण एका तीरावरच्या मुलाची उत्तरपत्रिका गंगेकडे जाई आणि दुसऱ्याची समुद्राकडे. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तरी परीक्षांची ही दुही मिटावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

चिमूरसारख्या गांवाच्या दृष्टीनें या व्यवस्थेंतील दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली गोष्ट अंतराची. चांदा जिल्ह्यांत हायस्कुलाची सोय मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणीं आणि नंतर वरोऱ्यासारख्या मोठ्या गांवीं झाली. स्वातंत्र्यापूर्वीं कॉलेज म्हटलें कीं नागपूरच गांठावें लागे. तेथें हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ सालीं निघालेलें मॉरिस कॉलेज हीं दोन घरें होतीं. जंगलपट्टीतील मुलाला मॅट्रिक व्हावयाचें तर आधीं घर सोडणें आणि इंटर व्हावयाचें तर जिल्हा सोडणें प्राप्त होतें. ज्यांच्या घरीं मालगुजारी होती किंवा ज्यांचे नातलग शहरांत होते त्यांना हें जमे. इतरांनीं मराठी चौथी, फार तर सातवी करून पाटी ठेवावी. दुसरी गोष्ट भाषेची. सारे विषय इंग्रजींतून शिकावयाचे आणि इंग्रजींतूनच लिहावयाचे, यामुळें गणितांत किंवा इतिहासांत तल्लख असलेला मुलगाहि भाषेच्या खडकावर आपटे. परीक्षा बुद्धीची म्हणून घेतली जाई आणि पुष्कळदां ती केवळ इंग्रजीची होई.

श्रेणीविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे. उत्तीर्णांचे पहिला, दुसरा व तिसरा असे तीन वर्ग करण्याची चाल या परीक्षांबरोबरच रूढ झाली. तिसरा वर्ग म्हणजे आंत येण्यापुरती परवानगी. दुसरा म्हणजे सामान्य प्रतिष्ठा. पहिला म्हणजे शिष्यवृत्तीची व वरच्या नोकरीची आशा. त्याच्याहि वर नांवानिशीं मिळणारीं बक्षिसें होतीं. मुंबईच्या मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति ही मराठी घरांत तर एका पिढीचें स्वप्न होती. चिंतामणराव देशमुखांनीं १९१२ सालीं मॅट्रिकला पहिला क्रमांक व ही शिष्यवृत्ति दोन्ही मिळविलीं, याचा उल्लेख त्यांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाच्या आधीं केला जातो, यावरूनच त्या मानाचें वजन कळतें. गुणांचा क्रम लावणें हें मुळांत निवडीचें साधन होतें. हळूहळू तें घराण्याच्या अब्रूचें साधन झालें, आणि वर्तमानपत्रांत नंबर पाहण्याचा दिवस हा साऱ्या आळीचा दिवस होऊन बसला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला. कलकत्ता विश्वविद्यालयाची पाहणी करण्यासाठीं सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालीं १९१७ सालीं जें कमिशन नेमलें गेलें त्यानें एक मूलगामी प्रश्न विचारला : इंटरमिजिएटचीं दोन वर्षें कोणाचीं? नांवानें तीं कॉलेजचीं होतीं, पण त्यांतील शिक्षण वस्तुतः शाळेचेंच होतें. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मोठाल्या वर्गांत व्याख्यानें ऐकवावयाचीं आणि त्यांनीं टिपणें उतरून घ्यावयाचीं, हें शिक्षण नव्हे, असा कमिशनचा अभिप्राय पडला. विश्वविद्यालयाचा आरंभ इंटरनंतर व्हावा, आणि त्याखालचें सारें शिक्षण व परीक्षा स्वतंत्र मंडळाच्या हातीं द्यावी, अशी शिफारस त्यानें केली. संयुक्त प्रांतानें १९२१ सालीं असें मंडळ स्थापून हायस्कूल व इंटर दोन्ही परीक्षा त्याच्या हवालीं केल्या. मध्यप्रांतानें १९२२ च्या कायद्यानें हायस्कूल शिक्षण मंडळ निर्माण केलें आणि १९२३ सालीं नागपूर विश्वविद्यालय स्थापन झालें. पण येथें शिफारशीचा अर्धाच भाग उचलला गेला. शालान्त परीक्षा मंडळाकडे आली. इंटर मात्र विश्वविद्यालयाकडेच राहिली.

तरीहि १९२२-२३ या दोन वर्षांचें महत्त्व या भागाच्या दृष्टीनें फार आहे. चांदा जिल्ह्यांतील मुलाचें माप प्रथमच त्याच्या स्वतःच्या प्रांतांत ठरूं लागलें. परीक्षा विश्वविद्यालयाच्या हातून निघून शाळांशीं निगडित अशा मंडळाकडे आली, आणि हायस्कुलांत देशी भाषांतून विषय शिकविण्याची वाट मोकळी होऊं लागली. कागदोपत्रीं नांव कांहींहि असो, लोक तिला मॅट्रिकच म्हणत राहिले. आणि मॅट्रिकची सत्ताहि कायमच राहिली. १९२९ सालच्या हार्टोग समितीनें स्पष्ट शब्दांत दाखवून दिलें कीं साऱ्या दुय्यम शिक्षणावर या एका परीक्षेचें वर्चस्व आहे, आणि तींत नापास होणाऱ्यांची प्रचंड संख्या हा निव्वळ अपव्यय आहे.

या अपव्ययाला सर्वांत धाडसी उत्तर निघालें तें चिमूरच्या शेजारींच, वर्ध्यास. १९३७ च्या ऑक्टोबरांत तेथें भरलेल्या परिषदेनें गांधीजींची मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना उचलली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचा अभ्यासक्रम आंखला. मध्यप्रांताच्या सरकारनेंहि त्याच सुमारास पंडित रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकारानें विद्यामंदिर योजना काढली. परंतु या दोन्ही योजना चौदा वर्षांच्या आंतील मुलांसाठीं होत्या. चौदा ते अठरा या वयाचें काय, याचें उत्तर त्यांनीं दिलें नाहीं. त्यामुळें खालीं चरखा आणि वर मॅट्रिक अशी विसंगति निर्माण झाली, आणि विसंगतींत जी बाजू नोकरी देते ती जिंकते या न्यायानें मॅट्रिक जिंकली.

१९४२ सालीं चिमूरनें देशाला आपलें नांव दिलें. नागपंचमीच्या दिवशीं, १६ ऑगस्टला, गांवांत उठाव झाला. बालाजी रायपूरकर हा तरुण गोळीला बळी पडला. सरकारी अधिकारीहि मारले गेले. आणि त्यानंतर गांवावर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठीं प्राध्यापक भन्साळी यांनीं साठांहून अधिक दिवस उपोषण केलें. अनेकांना फांशीच्या शिक्षा सांगितल्या गेल्या. अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांच्या खटपटीमुळें व देशभर उठलेल्या आवाजामुळें कित्येकांचे प्राण वांचले. ज्यांच्या भजनांनीं या भागांतील तरुण जागे झाले त्या तुकडोजी महाराजांचें शाळेंतलें शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेलें नव्हतें. ही गोष्ट मी परीक्षांना हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. परीक्षा ज्या गुणांना मोजते त्यांहून निराळे गुण समाजाला लागतात, आणि तें मोजण्याचें साधन कोणत्याहि मंडळापाशीं नाहीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे. महाराजांनीं पुढें ग्रामगीतेंत जीवनाला उपयोगीं पडणाऱ्या शिक्षणाचा आग्रह धरला, तो या अनुभवाला धरूनच होता. आणि ज्या नागपूर विश्वविद्यालयाच्या पायऱ्या ते विद्यार्थी म्हणून कधीं चढले नाहींत त्याच विश्वविद्यालयाला २००५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें.

स्वातंत्र्यानंतरचीं पहिलीं पंचवीस वर्षें मोठ्या गोंधळाचीं गेलीं. १९५२-५३ च्या मुदलियार कमिशननें इंटरचा प्रश्न मोठ्या युक्तीनें सोडविण्याचा प्रयत्न केला. इंटरच्या दोन वर्षांपैकीं एक खालीं शाळेला द्यावें म्हणजे हायर सेकंडरी होईल, आणि दुसरें वर कॉलेजला द्यावें म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होईल, अशी ती योजना. कांहीं राज्यांनीं ती घेतली, कांहींनीं घेतली नाहीं, कांहींनीं अर्धी घेतली. इतक्यांत १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आले. आतां एकाच राज्यांत तीन परंपरा नांदूं लागल्या : पश्चिम महाराष्ट्रांत पुण्याच्या मंडळाची एस. एस. सी., विदर्भांत नागपूरच्या मंडळाची परीक्षा, आणि मराठवाड्यांत हैदराबाद संस्थानाच्या परंपरेंतून आलेली तिसरीच घडी. इयत्तांचे क्रम, पुस्तकें, इंग्रजीचा आरंभ, सर्वच बाबतींत फरक होता. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेरांच्या काळापासून इंग्रजी आठवींत सुरू होई. दुसरीकडे निराळी रीत. बदलीवर जाणाऱ्या कारकुनाच्या मुलाला राज्याची एकता वर्तमानपत्रांत दिसे, पण वर्गांत दिसत नसे.

हा गोंधळ मिटविण्यासाठीं १९६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून सबंध राज्याचें एक मंडळ अस्तित्वांत आलें. त्याचें मुख्य ठाणें पुणें, आणि विभागीय मंडळें त्याच्या हाताखालीं. आज अशीं नऊ विभागीय मंडळें आहेत. चिमूरचा तालुका नागपूर विभागांत मोडतो. त्याच सुमारास, १९६४ ते ६६ या काळांत, डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं साऱ्या देशासाठीं शिक्षण आयोग बसला होता. त्याचे सचिव-सदस्य जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, प्राथमिक शिक्षणासाठीं हयात वेंचलेले गृहस्थ होते. दहा वर्षें सर्वांना समान शिक्षण, नंतर दोन वर्षें उच्च माध्यमिक, नंतर तीन वर्षें पदवी, अशी दहा-दोन-तीनची मांडणी या आयोगामुळें देशमान्य झाली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणानें ती स्वीकारली. महाराष्ट्रानें ती १९७२ पासून अमलांत आणावयास घेतली, १९७५ च्या मार्चांत दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि पाठोपाठ बारावीची परीक्षा राज्य मंडळाकडे आली. सॅडलरनें जें मागितलें होतें तें अर्ध्या शतकानंतर पुरें झालें. इंटरचीं दोन वर्षें विश्वविद्यालयाच्या हातून सुटलीं.

सुटलीं खरीं, पण गेलीं कोणाकडे? येथें महाराष्ट्रानें एक मधला मार्ग काढला. अकरावी-बारावीचे वर्ग कांहीं ठिकाणीं माध्यमिक शाळेला जोडले आणि कांहीं ठिकाणीं पदवी महाविद्यालयाला. दोहोंनाहि नांव एकच, कनिष्ठ महाविद्यालय. नांवांत महाविद्यालय, परीक्षा मंडळाची, शिक्षक कोठें शाळेचे तर कोठें कॉलेजच्या आवारांतले. गेलीं पंचवीस-तीस वर्षें अशाच एका आवारांत वावरतांना मला वाटत आलें आहे कीं या मुलांना शाळेची माया मिळत नाहीं आणि कॉलेजचें स्वातंत्र्य त्यांना पेलत नाहीं. सॅडलरनें ज्या मोठाल्या वर्गांची तक्रार केली ते वर्ग आजहि भरतात; व्याख्यानाची जागा शिकवणीनें घेतली आहे इतकेंच.

तथापि या व्यवस्थेनें जंगलपट्टीला जें दिलें तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या इंटरसाठीं पूर्वीं नागपूर गांठावें लागे तिच्या बरोबरीची बारावी आतां तालुक्याच्या गांवींच होते. मुलींच्या बाबतींत तर हा फरक क्रांतीसारखा आहे. घरून सायकलनें जाऊन संध्याकाळीं परत येतां येतें म्हणून शिकलेल्या मुलींची एक सबंध पिढी या भागांत उभी राहिली. १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ सालीं या दोन जिल्ह्यांसाठीं गडचिरोली येथें गोंडवाना विश्वविद्यालय निघालें. कलकत्त्याहून निघालेलें माप आतां अरण्याच्या दाराशीं आलें आहे. आणि ज्याला शाळा सोडावी लागली त्याच्यासाठींहि एक खिडकी आहे. बाहेरून परीक्षेस बसणाऱ्यांनीं भरावयाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हें मंडळाच्या कारभारांतील मला सर्वांत माणुसकीचें कलम वाटतें. शेतमजूर, लग्न होऊन गेलेली मुलगी, हॉटेलांत काम करणारा पोरगा, यांना त्या फॉर्मानें दुसरी संधि दिली आहे.

आतां आजच्या मापाकडे पाहूं. शंभरापैकीं पस्तीस गुण म्हणजे उत्तीर्ण. एकंदरींत पंचेचाळीस टक्क्यांवर द्वितीय श्रेणी, साठांवर प्रथम, आणि पंच्याहत्तरांवर विशेष प्रावीण्य. विज्ञानाच्या विषयांत ७० गुण लेखी परीक्षेचे व ३० प्रात्यक्षिकाचे. भाषांत ८० लेखी व २० तोंडी. उत्तरपत्रिका परीक्षकाकडून नियामकाकडे आणि त्याच्याकडून मुख्य नियामकाकडे जाते. एकाचा हात सैल आणि दुसऱ्याचा आंखडता असेल तर तो फरक काढून टाकावा हा हेतु. ही यंत्रणा कमी मोलाची नाहीं. चिमूरची मुलगी आणि दादरचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेवर, एकाच दिवशीं, आपलें नांव झांकून बसतात, आणि तपासणाऱ्याला त्यांची जात, गांव किंवा बाप ठाऊक नसतो. आमच्या समाजांत अशा जागा फार नाहींत. परीक्षेवर टीका करणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

परंतु प्रश्नपत्रिका एक असली म्हणून वाट एक होत नाहीं. भामरागडच्या बाजूच्या माडिया मुलाला पहिलींत येतांच मराठी ही परकी भाषा शिकावी लागते, आणि २००० सालापासून इंग्रजीहि त्याच इयत्तेंत आली. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पानें १९७६ सालीं शाळा काढली ती याच मुलांसाठीं. तेथून शिकून डॉक्टर, शिक्षक व वकील झालेले तरुण निघाले. जेथें अशी शाळा नाहीं तेथें पस्तीस हा आंकडा शहरांतल्या पस्तिसाएवढा नसतो. त्याच्या मागें किती चढ चढावा लागला हें गुणपत्रिकेंत लिहीत नाहींत.

दुसरीकडे या मापाची किंमतहि झपाट्यानें उतरत आहे. गुणवत्ता यादी या शतकाच्या पहिल्या दशकांत बंद झाली, दहावीला सहांपैकीं उत्तम पांच विषय धरण्याची रीत २०१० सालीं आली, आणि २०१५ पासून नापासांना जुलैंतच फेरपरीक्षा मिळूं लागली. हे सर्व बदल दयाबुद्धीनें झाले आणि बहुतेक योग्यच झाले. २०२१ सालीं साथीमुळें परीक्षाच झाली नाहीं, तेव्हां अंतर्गत मूल्यमापनानें दहावीचा निकाल ९९.९५ टक्के आणि बारावीचा ९९.६३ टक्के लागला. पण जसजसे गुण वाढले तसतसा त्यांच्यावरचा विश्वास ओसरला. वैद्यकासाठीं नीट, अभियांत्रिकीसाठीं सीईटी व जेईई अशा निराळ्या परीक्षा उभ्या राहिल्या. म्हणजे १८५७ सालीं विश्वविद्यालयानें दाराशीं बसविलेली परीक्षा शाळेच्या हातीं येतांच, वरच्यांनीं दुसरी परीक्षा दाराशीं आणून बसविली. या नव्या परीक्षांची तयारी शहरांतील महागड्या वर्गांतून होते. चिमूरच्या मुलाला मंडळाची परीक्षा जवळ आली आणि दार मात्र पुन्हां दूर गेलें.

हा सारा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दीडशें वर्षें आपण या टप्प्याचीं वर्षें किती आणि तीं कोणाच्या ताब्यांत, याचा वाद घालीत आलों. तीं कशासाठीं, याचा विचार फार थोडा केला. हंटरनें दुसरी शाखा सुचविली, कोठारींनीं उच्च माध्यमिक टप्प्यावरील निम्मीं मुलें व्यवसायशिक्षणाकडे वळावीं अशी अपेक्षा धरली, १९८६ च्या धोरणानें तीच अपेक्षा १९९५ पर्यंत शेंकडा २५ वर आणली, आणि तीहि पुरी झाली नाहीं. महाराष्ट्रांत किमान कौशल्यावर आधारलेले अभ्यासक्रम निघाले. पण ज्याला विज्ञानांत प्रवेश मिळाला नाहीं त्यानें तेथें जावें, अशीच लोकांची समजूत राहिली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानून शाखांच्या भिंती काढण्याचें ठरविलें आहे. आंकडे पुन्हां एकदां बदलले आहेत. आंकडे बदलणें हें सरकारच्या हातीं आहे. किंमत बदलणें हें आपल्या हातीं आहे.

ती किंमत बदलावयाची तर बारावीला दाराऐवजीं घर मानलें पाहिजे. अठराव्या वर्षीं नागरिक म्हणून मत देणाऱ्या तरुणाला आपल्या भाषेंत नीट लिहितां यावें, हिशेब कळावा, आपल्या भूमीचा व अरण्याचा कायदा ठाऊक असावा, एखादें काम हातानें सफाईनें करतां यावें, आणि आपल्या गांवीं १९४२ सालीं काय झालें हें त्याला सांगतां यावें. एवढें ज्याला आलें त्याचा हा टप्पा सफळ झाला, मग तो विश्वविद्यालयांत जावो अगर न जावो. ज्यांना पुढें जावयाचें आहे त्यांची निवड विश्वविद्यालयानें खुशाल करावी. पण त्यासाठीं बाकीच्या मुलांच्या कपाळीं नापासाचा शिक्का मारण्याचें कारण नाहीं. मुंबईस पहिली मॅट्रिक झाली तेव्हां शंभर-सव्वाशें मुलें होतीं आणि त्यांतलीं बहुतेक परत गेलीं. त्यांचीं नांवें आज कोणासहि ठाऊक नाहींत. आज त्या जागीं एका राज्यांतच दर वर्षीं लाखों मुलें बसतात. त्यांतल्या परत जाणाऱ्यांसाठीं आपण काय बांधलें, याच प्रश्नावर आपल्या शिक्षणपद्धतीची खरी श्रेणी ठरेल.